उजेड गाडीला, अंधार पायाला

रस्ता सर्वांचा असतो, असं शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात छापलेलं असतं. दिवसा ते थोडंफार खरंही वाटतं. सूर्य फुकटात सगळ्यांवर पडतो. तो टेंडरातून येत नाही, त्याला वॉर्ड ऑफिसरची सही लागत नाही. पण सूर्य मावळला की उजेड सरकारी होतो. आणि उजेड सरकारी झाला की तो कुणाला द्यायचा, किती द्यायचा आणि कुणाला अजिबात द्यायचा नाही, हे ठरवणारा माणूस खुर्चीत येऊन बसतो. मला त्या खुर्चीबद्दल बोलायचंय.

दोस्तहो, रस्त्यावरचा दिवा हा विषय बघून पान उलटू नका. तुमच्यातलाच एखादा म्हणेल, लाईट-गटार हा नगरसेवकाचा धंदा, आपण व्यवस्था बदलायला निघालोय. त्याच्यापुढे मी संविधानाचं कलम 15 उघडून ठेवतो. पोटकलम 2 वाच म्हणतो. सरकारी पैशातून राखलेल्या विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते आणि लोकांच्या वावराच्या जागा यांच्या वापराला धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला आडकाठी करता येणार नाही. विहिरी आणि तळ्यांच्या पंगतीत रस्ते बसलेत ते उगाच नाही. ज्यांना पाण्याला मज्जाव होता त्यांनाच वाटेलाही होता. 1924 साली वायकोमला सत्याग्रह झाला, तो देवळात शिरण्यासाठी नव्हता. देवळाभोवतीच्या रस्त्यावरून चालू द्या, एवढंच मागणं होतं. 1927 साली महाडला चवदार तळ्याकडे माणसं गेली ती मिरवणुकीनं, गावच्या रस्त्यावरून, ताठ मानेनं चालत गेली. पाण्याइतकंच ते चालणंही गावाच्या डोळ्यांत खुपलं.

आज मुंबईत कुणी पाटी लावून रस्ता बंद करत नाही. तेवढी हिंमतही नाही आणि गरजही नाही. नुसता दिवा लावत नाहीत. तेवढ्यानं काम भागतं. दिवा नसलेला रस्ता संध्याकाळी सातनंतर पायी चालणाऱ्या माणसाला बंद असतो. तो त्यावरून गेला तर जिवावर उदार होऊन जातो. माझं म्हणणं एवढंच आहे. ते पटवायला पुढची पानं खर्च करतो.

रात्री पायी कोण चालतं? आधी याचा हिशेब करू. गाडीवाला जेवण झाल्यावर शतपावली करतो, ती सोसायटीच्या कंपाउंडात, वॉचमनच्या नजरेखाली, दिव्याखाली. मी त्याच्याबद्दल बोलत नाही. मी पहाटेची हजेरी गाठायला निघालेल्या झाडूवाल्या बाईबद्दल बोलतोय. शेवटची गाडी डेपोत टाकून घराकडे निघालेल्या कंडक्टरबद्दल बोलतोय. रात्रपाळीची आया, वॉर्डबॉय, बारा तास उभा राहून पाय सुजलेला सिक्युरिटीवाला, ससून डॉकला पाट्या घेऊन निघालेल्या मावश्या, पहाटे दादरला भाजी उचलायला जाणारे, क्लासवरून चालत येणारी पोरगी, आणि वस्तीच्या टोकाला असलेल्या संडासात जायला डबा घेऊन निघालेली म्हातारी. ही रात्रीची मुंबई. यांतला कोण कुठल्या जातीचा हे विचारायची सोय नाही, विचारलं की जातीयवादी ठरवतात. पण हजेरी चौकीवर पहाटे उभं राहून आडनावं ऐका. हजेरीपटाइतका खरा समाजशास्त्राचा ग्रंथ अजून कुठल्या विद्यापीठानं छापलेला नाही.

माझा बाप याच हजेरीपटावर होता. पहिली पाळी. साडेचारला घर सोडायचा. आमच्या घरात पंखा आला त्याच्या आधी बॅटरी आली, तीन सेलची, पत्र्याची. ती बापाची. शहराचा रस्ता झाडायला जाणाऱ्या माणसाला त्याच रस्त्यावर जाताना स्वतःचा उजेड स्वतः न्यावा लागत होता. त्या सेलचे पैसे कधी पगारात मिळाले नाहीत. बाप म्हणायचा, "कुत्र्यासाठी न्यायची नाय रे, डायवरसाठी न्यायची. त्येला मी दिसाय पायजे."

त्येला मी दिसाय पायजे. रस्ता सुरक्षेवर सरकार सप्ताह पाळतं, पोस्टर छापतं, शाळेतल्या पोरांना उन्हात रांगेत उभं करतं. त्या सगळ्या सप्ताहांचं सार माझ्या अडाणी बापानं एका ओळीत सांगून टाकलं होतं.

आता आकडे. केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्याचाच अहवाल आहे. 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली. त्यांतली 32,825 पायी चालणारी. म्हणजे रोज नव्वद. ही ज्यांच्या पायाखाली इंजिन नव्हतं अशी माणसं. अपघातांचा सगळ्यात मोठा वाटा संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत पडतो. काम सुटतं आणि उजेड जातो ती हीच वेळ. मुंबईचं बघाल तर रस्त्यावर मरणाऱ्यांत जवळजवळ निम्मे पायी चालणारे असतात. आणि ज्या शहरात निम्मे मेलेले पायी चालणारे, त्या शहरात चालणारे किती? एमएमआरडीएनं 2008 साली वाहतुकीचा मोठा अभ्यास केला, त्यात सगळ्या प्रकारच्या फेऱ्या मोजल्या तर निम्म्याच्या आसपास फेऱ्या पायी निघाल्या. म्हणजे हे शहर मुळात चालणाऱ्यांचं आहे. अल्पसंख्य आहे तो गाडीवाला. पण उजेडाचं बहुमत त्याच्याकडं आहे.

हे कसं झालं ते समजून घ्या, कारण हे कुणा एका अधिकाऱ्याच्या दुष्टपणानं झालेलं नाही. हे मापात लिहिलेलं आहे. सार्वजनिक रस्त्यांवर किती उजेड असावा याचं भारतीय मानक आहे, आयएस 1944, 1970 साली आलेलं. उजेड मोजतात लक्समध्ये. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं, यावरून अंदाज घ्या. या मानकात पहिल्या वर्गाच्या रस्त्याला सरासरी 30 लक्स, दुसऱ्याला 15, मग 8, आणि शेवटच्या वर्गाला 4. पहिला वर्ग कुठला? जिथं गाड्या दाट आणि जोरात धावतात, जिथं वाहतुकीची सुरक्षितता, वेग आणि चालकाचा आराम एवढाच विचार करायचा, तो. शेवटचा वर्ग कुठला? जिथं वाहतूक कमी ते आतले रस्ते. वाहतूक कमी म्हणजे गाड्या कमी. तिथं माणसं मुंग्यांसारखी चालत असली तरी ती वाहतूक नाही. चातुर्वर्ण्य म्हटलं की आपण मनुस्मृतीकडं बोट दाखवतो. इथं अ-1, अ-2, ब-1, ब-2 असे रस्त्यांचे चार वर्ण पाडलेत, आणि कुणाचा जन्म कुठल्या वर्णात हे गाडीच्या चाकावरून ठरवलंय. वस्तीतल्या बोळाची गोष्ट तर त्याच्याही खालची. तो चारांच्या बाहेर, अवर्ण. त्याला 4 लक्ससुद्धा कुणी मोजून दिलेले नाहीत.

आणि मोठ्या रस्त्यावरचे 30 लक्स तरी आपल्याला मिळतात का? खांब कुठं आहे ते बघा. मोठ्या रस्त्यावर बऱ्याच ठिकाणी तो मधल्या दुभाजकावर असतो, दोन हात पसरून दोन्हीकडच्या गाड्यांना उजेड देत उभा. उजेडाचा तुकडा डांबरावर पडतो. फुटपाथ त्या तुकड्याच्या बाहेर. खांब कडेला असला तरी त्याची मान रस्त्याकडं वळवलेली, खाली गर्द झाड, आणि झाडाच्या सावलीत फुटपाथ. फुटपाथवर उघडं गटार, निखळलेला ब्लॉक, पार्क केलेली मोटरसायकल, खणून ठेवलेला खड्डा. अंधारात माणूस काय करतो? फुटपाथ सोडून जिथं उजेड आहे तिथं उतरतो. म्हणजे गाडीच्या पुढ्यात. मग दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, पादचारी रस्त्याच्या मधून चालत होता.

हिशेब करा. ताशी साठ किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर कापते. समोर माणूस आहे हे कळून ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, पंचवीस मीटर गेले. ब्रेक लागून गाडी उभी राहीपर्यंत आणखी वीस. झाले पंचेचाळीस मीटर. आता गाडीचा खाली पाडलेला दिवा आणि आपल्या माणसाचे मळखाऊ रंगाचे कपडे. दिवसभर घाणीत काम करणारा माणूस पांढरे कपडे घालत नाही. तो ड्रायव्हरला तीस मीटरवर दिसला तरी नशीब. तीस आणि पंचेचाळीस. या मधल्या पंधरा मीटरमध्ये आपली माणसं मरतात. ते पंधरा मीटर भरून काढायचं काम खांबावरच्या दिव्याचं असतं. दिवा बंद, की तो ड्रायव्हर कितीही सज्जन असला, दारू प्यायलेला नसला, तरी माणूस मरतो. म्हणून बंद दिवा ही तक्रार-वहीतली क्षुल्लक नोंद आहे असं मला कुणी सांगू नये.

या शहराला उजेडाची अक्कल नाही असंही नाही. चांगली आहे. 2015 साली मरीन ड्राइव्हवरचे पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले. केवढा गहजब झाला! राणीच्या गळ्यातला हार फिका पडला म्हणून राजकीय पक्ष हळहळले, पेपरांनी रकाने भरले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी पिवळसर उजेड परत आला. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. समुद्रावर बसायला आपलीही पोरं जातात. पण बघा, एका रस्त्यावर उजेडाचा रंग चुकला म्हणून हे शहर कोर्टात जातं, आणि शेकडो बोळांत उजेडच नाही तर त्याला साधी बातमी होता येत नाही. रंगाला वकील मिळतो. अंधाराला वकील मिळत नाही.

पुढं 2022 च्या डिसेंबरात मुंबईचं सौंदर्यीकरण सुरू झालं. खर्च सुमारे 1,700 कोटी. खांबांना रंगीत दिव्यांच्या माळा गुंडाळल्या, झाडांना गुंडाळल्या, पुलांना गुंडाळल्या. त्याच महिन्यात जी-20 चे पाहुणे आले, तेव्हा त्यांच्या वाटेवरच्या झोपडपट्ट्यांपुढं पडदे आणि फलक उभे राहिले. म्हणजे खांबाला उजेड गुंडाळायचा आणि माणसाला पडदा. झाडांवरच्या माळांचा प्रश्न 2024 साली उच्च न्यायालयात गेला, पाखरांची झोप उडते म्हणून. बरोबर आहे, पाखरांनाही रात्र असते. मग माळा उतरवल्या. त्या माळांच्या उजेडात एकही माणूस सुरक्षित घरी पोचत नव्हता, कारण तो उजेड बघण्यासाठी होता, चालण्यासाठी नव्हता. हा फरक नीट समजून घ्या. दागिन्याचा उजेड वेगळा आणि कामाचा उजेड वेगळा.

2024 च्या मे महिन्यात घाटकोपरला छेडानगरजवळ पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, 120 फूट बाय 120 फुटांचं. 17 माणसं मेली. त्या होर्डिंगच्या आड येणाऱ्या झाडांना विष घातल्याची तक्रार आधीच झालेली होती. महामार्गावरून जाणाऱ्या गाडीवाल्याला जाहिरात लांबून स्पष्ट दिसली पाहिजे, यासाठी या शहरात झाडं मारली जातात. त्याच महामार्गावर रस्ता ओलांडणारा माणूस लांबून स्पष्ट दिसला पाहिजे, यासाठी साधा बल्ब बदलायला महिना लागतो.

पैसा नाही हे तर बोलूच नका. 2024 साली किनारी रस्ता सुरू झाला. साडेदहा किलोमीटर, सुमारे 14 हजार कोटी. त्यावर पायी जायचं नाही, सायकलनं जायचं नाही, मोटरसायकलनं जायचं नाही, रिक्षानं जायचं नाही. वरळीच्या सागरी सेतूवर 2009 पासून हेच. सार्वजनिक पैशातून बांधलेला रस्ता, त्याच्या तोंडाशी पाटी, आणि पाटीवर ज्यांना मज्जाव त्यांची चित्रं. त्यात पहिलं चित्र चालणाऱ्या माणसाचं. उलटं टोक बघायचं तर एम पूर्व वॉर्डात या. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातला सगळ्यात खालचा वॉर्ड. 1927 पासून शहराचा कचरा इथं देवनारला येतो. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर 2021 साली जवळजवळ तीन किलोमीटरचा पूल झाला. वरून जाणारा बैंगनवाडी, शिवाजीनगर न बघता पलीकडं उतरतो. खालची माणसं पुलाच्या सावलीत ट्रक-डंपरमधून वाट काढतात. सावली दिवसा आणि अंधार रात्री, दोन्ही खालच्यांना.

आणि चालणाऱ्यांसाठी जे बांधलेलं असतं त्याची निगा? 14 मार्च 2019. सीएसएमटीजवळचा हिमालय पूल संध्याकाळी कोसळला. सात मेले. त्यांत तीन परिचारिका होत्या, सरकारी इस्पितळात रात्रपाळीला निघालेल्या. नवा पूल यायला 2023 उजाडलं. चार वर्षं लोक खालून, गाड्यांतून, जीव मुठीत धरून रस्ता ओलांडत होते. गाड्यांचा पूल पडला असता तर चार वर्षं लागली असती का, याचं उत्तर तुम्हीच द्या.

आमची वस्ती एका मोठ्या रस्त्याच्या कडेला आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्हाला वाटेल, चला, ही त्यांच्या रस्त्याची भानगड दिसते. ओळीनं चार खांब बंद होते. पाचव्या खांबाशी स्टॉप. आमच्या शेजारची मावशी, घरकाम करणारी, रात्री साडेनवाला बसमधून उतरली आणि रस्ता ओलांडताना गेली. गाडी थांबली नाही. गाडीचा नंबर कुणी बघितला? चार खांब बंद होते, कोण बघणार? पंचनाम्यात शब्द आला, अज्ञात वाहन. आम्ही चार पोरं कचेरीत गेलो. पहिल्या टेबलावर सांगितलं, खांब आमचे नाहीत, वीज पुरवणाऱ्यांचे. त्यांच्याकडं गेलो. ते म्हणाले, खांब आमचे, पण रस्ता ज्याचा त्यानं पत्र द्यायला पाहिजे. रस्ता कुणाचा? तिसरी कचेरी. ती म्हणाली, दिवे आमच्याकडं नाहीत. तीन कचेऱ्या फिरलो आणि एक गोष्ट कळली. मावशीचा खून करणारं अज्ञात वाहन एकटं नव्हतं. दिवे बंद ठेवणारेही अज्ञातच होते.

हा घोळ कसा चालतो ते माहीत करून घ्या. मुंबईत रस्त्यावरचे दिवे शहर भागात बेस्टकडं, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानीच्या वीज कंपनीकडं, मुलुंड-भांडुपकडं महावितरणकडं. खर्च महापालिका देते. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यात कलम 61 आहे, त्यात महापालिकेनं करायचीच अशी कामं दिलेली आहेत. रस्त्यांवर दिवाबत्ती हे त्यांतलं एक. करता आलं तर करा असं नाही, करायचंच. पण वस्ती रेल्वेच्या जमिनीवर, विमानतळाच्या जमिनीवर, वनखात्याच्या जमिनीवर, कलेक्टरच्या जमिनीवर असते. मग प्रत्येक जण जमिनीच्या मालकाकडं बोट दाखवतो. माणूस शहराचा, मत शहराचं, झाडू शहराचा, फक्त जमीन दुसऱ्याची, म्हणून अंधार. त्यात 2022 च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षं मुंबईत नगरसेवकच नव्हते. भांडायलासुद्धा माणूस नव्हता.

गावाकडं गेलात तर हीच गोष्ट लहान आकारात दिसते. खांबांची रांग वेशीपर्यंत येते आणि आपल्या वस्तीच्या तोंडाशी दमते. 2021 साली महावितरणनं थकबाकीसाठी ग्रामपंचायतींच्या रस्त्यावरच्या दिव्यांची वीज तोडायला घेतली, राज्यभर सरपंच ओरडले. गाव तेव्हा अंधारात गेलं म्हणून बातमी झाली. वस्ती त्याच्या आधीपासून अंधारात होती, ती बातमी नव्हती.

आता या अज्ञात वाहनाची किंमत सांगतो. गाडी सापडली तर विमा कंपनीवर दावा लागतो, न्यायाधिकरण मेलेल्याचं वय बघतं, कमाई बघतं, मागं किती तोंडं आहेत ते बघतं आणि रक्कम ठरवतं. गाडी सापडली नाही तर ठरलेली रक्कम. 1 एप्रिल 2022 पासून ती दोन लाख आहे. त्याच्या आधी 25 हजार होती. पंचवीस हजार, एक माणूस! 2022 साली देशात 30,486 माणसं अशी पळून गेलेल्या गाड्यांखाली मेली. म्हणजे दिवा बंद असला की आधी जीव जातो, मग साक्षीदार जातो, मग नंबर जातो, आणि शेवटी पोरांच्या तोंडचा घास जातो. हा एका बल्बचा हिशेब आहे.

बरं, कायदा रात्री चालणाऱ्याकडं कसा बघतो? महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951, कलम 122. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात संशयास्पद स्थितीत सापडणं हाच गुन्हा. समाधानकारक कारण देता आलं पाहिजे. कुणाचं समाधान? हवालदाराचं. 2022 साली दक्षिण मुंबईत रात्री दीडच्या सुमाराला रस्त्यावर बसलेल्या एका तरुणाला याच कलमाखाली पकडलं. गिरगावच्या मॅजिस्ट्रेटनं त्याला सोडलं आणि विचारलं, मुंबईसारख्या शहरात दीड म्हणजे उशीर कसा? असा मॅजिस्ट्रेट रोज भेटत नाही. पारध्यांना विचारा, 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं रात्रीची हजेरी काय असते ते. तो कायदा 1952 साली गेला, पण रात्री रस्त्यानं चालणारा आपला माणूस दिसला की बॅटरीचा झोत तोंडावर मारायची खोड गेली नाही. बघा, उजेड आहे! रस्त्यावर पाडायला नाही, तोंडावर मारायला आहे. पेशवाईतल्या पुण्यात आपल्या माणसांना सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर प्रवेश नव्हता असं लिहून ठेवलेलं आहे, सावली लांब पडते म्हणून. तेव्हाही आपलं चालणं उजेडाच्या घड्याळावर बांधलेलं होतं. आजही आहे.

कोर्टाचंही बघून घेऊ. 1985 साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो. ऐकायला गोड. पण त्याच निकालात फुटपाथ चालणाऱ्यांसाठी आहेत म्हणून त्यावर राहणाऱ्यांना हटवायला मोकळीक मिळाली. मे 2025 मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं, चालण्याजोगा फुटपाथ मिळणं हा जगण्याचा हक्क आहे. मधे चाळीस वर्षं गेली. चाळीस वर्षं आपल्या झोपड्या चालणाऱ्यांच्या नावानं उठवल्या, आणि चालणाऱ्यांना फुटपाथही मिळाला नाही. मग उठवलेली जागा गेली कुठं? पार्किंगमध्ये. 2002 साली वांद्र्याला बेकरीसमोर फुटपाथवर झोपलेल्या कामगारांवर गाडी चढली. एक मेला, चार जखमी झाले. 2015 साली उच्च न्यायालयानं आरोपीला निर्दोष सोडलं. कायद्यापुरतं ते वाहनही अज्ञात चालकाचं राहिलं. त्या सुमाराला मेलेल्यांचीच अक्कल काढणारे बरेच निघाले. रस्त्यावर झोपावंच का, म्हणे.

हाच सूर चालणाऱ्यांना लावतात. लोक बेशिस्त आहेत, कुठूनही रस्ता ओलांडतात, पादचारी पूल कशाला बांधलाय? मग त्यांनी एकदा डोक्यावर पाटी, कडेवर पोर घेऊन तो पूल रात्री चढून दाखवावा. जिन्यावर दिवा नाही, वर माणूस नाही, खाली उतरेपर्यंत शेवटची बस गेलेली. आपल्या आयाबाया पुलाला घाबरून गाड्यांतून जातात, यात बेशिस्त नाही. दोन भीतींतली कमी कुठली, याचा तो रोजचा हिशेब आहे. आणि बऱ्याच ठिकाणी वस्ती आधीची, रस्ता नंतर रुंद झालेला. नळ एका बाजूला राहिला, शाळा दुसऱ्या. ओलांडणारा रस्त्यात आलेला नाही. रस्ताच त्याच्या अंगणात आलाय.

आता जरा आपल्या घरात. माझे शब्द टोचले तर टोचू द्या. 14 एप्रिलला आपल्या वस्त्या काय झळकतात! निळे दिवे, कमानी, फोकस, जनरेटर. वर्गणी काढून आपण स्वतः उजेड उभा करतो, त्याचा मला अभिमान आहे. पण 15 तारखेच्या रात्री मांडववाला माळा सोडून नेतो आणि वस्ती परत होती तशी होते. तेव्हा कुणाला काही वाटत नाही. नाक्यावर हायमास्ट लागतो, त्याच्या खाली पाटी असते, अमुकअमुक साहेबांच्या प्रयत्नानं. आपलीच पोरं तिथं हार घालतात, फटाके लावतात. अरे, पैसा कुणाचा? कायद्यानं जे करायचंच आहे त्याला प्रयत्न कसले? मेहेरबानी म्हणून घेतलेला दिवा इलेक्शननंतर विझतो, कारण मेहेरबानीला देखभालीची तरतूद नसते. हक्क म्हणून घेतलेला दिवा विझला तर जाब विचारता येतो. महाडला पाणी पिऊन तहान भागवायची नव्हती, हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो. मग दिव्याच्या वेळी विसरतो कसे?

म्हणून काय करायचं ते सांगतो, आणि घोषणेत सांगत नाही.

प्रत्येक वस्तीतल्या चार-पाच जणांनी रात्री नऊनंतर बाहेर पडायचं. बायकांना बरोबर घ्यायचं, अंधार कुठं आहे हे त्यांना पुरुषांपेक्षा जास्त माहीत असतं. बस स्टॉप, संडास, नळ, शाळा, रस्ता ओलांडायच्या जागा, हजेरी चौकीची वाट, या सगळ्यांवरून चालायचं. खांबावर नंबर असतो, तो वहीत लिहायचा. चालू, बंद, लुकलुकता, झाडात गेलेला. नंबर नसलेला खांब आणि खांबच नसलेली जागा वेगळी लिहायची. त्याच वहीत गेल्या काही वर्षांत तिथं कोण मेलं, कोण लंगडं झालं, तेही. मग ती यादी लेखी द्यायची. तोंडी नाही, फोनवर नाही. दोन प्रती, एकीवर शिक्का आणि तारीख घ्यायची. आवक नंबर घेतल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही.

हा कागद का लागतो ते ऐका. मोटार वाहन कायद्यात 2019 साली कलम 198-अ घातलं. रस्त्याची रचना, बांधकाम, देखभाल ठरलेल्या सुरक्षा मानकांप्रमाणे न केल्यामुळं माणूस मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार यंत्रणा, कंत्राटदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड. एक लाख ही रक्कम त्यांच्या चहापाण्याची, मला ठाऊक आहे. पण त्या कलमात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या मागं लपलेला माणूस सापडतो. पुढच्या वेळी पंचनाम्यात अज्ञात वाहन लिहिलं जाईल तेव्हा आपल्या हातात शिक्क्याचा कागद असला पाहिजे. अमुक तारखेला कळवलं होतं, अमुक नंबरचे खांब बंद होते, अमुक कचेरीला ठाऊक होतं. मग अज्ञात कोणी राहत नाही.

आणि मागणी दिवा द्या एवढीच ठेवू नका. दिवा देतील आणि तोही गाडीवर पाडतील. मागणी अशी करा की उजेड फुटपाथवर पडला पाहिजे, ओलांडायच्या जागेवर पडला पाहिजे, स्टॉपवर पडला पाहिजे. खांबांचा वर्ग गाड्या मोजून ठरवू नका, पाय मोजून ठरवा. पहाटे चार ते सहाच्या हजेरीच्या वाटा आधी उजळा. बंद दिव्याला मुदत ठरवा, मुदत टळली तर कुणाच्या पगारातून कापणार ते सांगा. जमीन कुणाचीही असो, त्यावरून माणूस चालतो तोवर दिवा महापालिकेचा. आणि पाटी कुणाच्याही नावाची नको.

यंदाच्या जयंतीला जी वर्गणी निघेल तिच्यातून एक वही आणि एक चांगली बॅटरी घ्या. 14 ची मिरवणूक दणक्यात काढा. 15 तारखेच्या रात्री, माळा उतरल्यावर, परत त्याच रस्त्यावर उतरा आणि पहिल्या बंद खांबाचा नंबर लिहून घ्या.

जय भीम.